चिंचोक्याएवढी जागा

बालवाडी चालवायला काय काय लागतं, असं मला कुणी विचारलं तर मी सगळ्यात आधी चिंचोके सांगते. मग पाण्याचे दोन माठ, एक स्टोव्ह, नाकं पुसायला जुन्या धोतराचे तुकडे आणि तानामावशी. यातल्या शेवटच्या गोष्टीला पर्याय नाही हे मला नोकरीत असतानाही ठाऊक होतं. या श्रावणात ती गेली, तेव्हापासून ते रोज नव्याने कळतं आहे.

नोकरीतले अनुभव लिहून पाठवा असं एका मासिकाचं पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा घडी करून ठेवलं. बालवाडीच्या बाईला कसले अनुभव? हायस्कुलातल्या मास्तरांचे विद्यार्थी पुढे साहेब होतात, रस्त्यात गाडी थांबवून पाया पडतात. आमचे विद्यार्थी आम्हाला साफ विसरतात. तीन ते सहा या वयातलं कुणाला काय आठवणार? हात धुवून जेवायचं, रांगेत उभं राहायचं, शेजारच्याच्या ताटलीतला खाऊ आपला नसतो, हे आपल्याला कुणीतरी शिकवलं असं कुणालाच वाटत नाही. ते आपल्याला उपजतच येत होतं असं प्रत्येकाला वाटतं. मला या विसरण्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट थोडा अभिमानच वाटत आला आहे.

पण दोन विद्यार्थिनी अशा आहेत की त्या काही विसरत नाहीत. त्यांच्याविषयीच लिहिते.

आमची बालवाडी कर्जतजवळ दहिवलीला, बौद्धवाड्याच्या तोंडाशी असलेल्या समाजमंदिरात भरायची. वर पत्रे, खाली फरशी, भिंतीवर बुद्धाची तसबीर. रविवारी सकाळी तिथे वंदना व्हायची, उरलेले सहा दिवस आम्ही. मी त्याच वाड्यातली. आजोबांनी घरातले देव नदीत सोडले तेव्हा मी शाळकरी होते, आणि देवांची फळी रिकामी झाली त्यावर माझी पुस्तकं आली. तेव्हापासून छापलेल्या अक्षरावर माझा भारी विश्वास. तो किती ठेवावा, हे या गोष्टीतून शिकले.

तानामावशी आमची मदतनीस. मूळची कशेळ्याकडची, दहिवलीत दिलेली, ऐन तरुणपणी नवरा गेलेला. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. तिला मिश्रीचं व्यसन होतं, तोंड फटकळ होतं आणि तपासणीला आलेल्या बाईंशी ती बिनदिक्कत खोटं बोलायची. सकाळी घरोघर जाऊन मुलं गोळा करून आणायची, हे तिचं पहिलं काम. मुलं एकमेकांच्या सदऱ्याचं टोक धरायची आणि त्यांची आगगाडी व्हायची. इतर गावांत अशा वेळी मदतनीस पुढे चालते. तानामावशी मागे असायची. कर्जतच्या पोरांना त्यात काही नवल वाटत नसे. घाट चढायच्या गाडीला आपल्या स्टेशनात मागून इंजिन लावतात, हे त्यांना चालायला येण्याआधीपासून माहीत. पुढचं पोर रेंगाळलं की मागून आवाज यायचा, "चल रं, घाट लागला."

या आगगाडीत तऱ्हेतऱ्हेचे डबे होते. एकाला त्याच्या शेळीच्या करडाशिवाय करमायचं नाही, म्हणून वर्षभर करडूही हजेरीला असायचं. एकीचा बाप तक्रार घेऊन आला होता की पोरगी घरी येऊन साबण मागते, असले साहेबी चाळे शिकवू नका. अशा सगळ्यांशी आम्ही दोघी मिळून पुरून उरायचो. पण सुजाता आणि विशाखा आल्या आणि पहिल्यांदा माझी प्रशिक्षणातली वही अपुरी पडली.

त्या जुळ्या बहिणी. आल्या तेव्हा साडेतीन वर्षांच्या. वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे हाताखालचे कामगार, आई शेवंता घरकाम करून भाताच्या लावणीला जाणारी. दोघी दिसायला इतक्या सारख्या की शेवंताने एकीच्या केसांना लाल फीत बांधली होती आणि दुसरीच्या हिरवी. त्याचा उपयोग शून्य. दोघी फिती काढून जमिनीवर सरळ पसरून ठेवायच्या. नावाने हाक मारून ओळखावं तर दोघीही नावाला ओ देत नसत. बोलत तर मुळीच नसत. तोंडाकडे बघत नसत, कुणाचं बोट धरत नसत, आगगाडीत जोडल्या जात नसत. विशाखा हाती लागेल ते झाकण जमिनीवर भिंगरीसारखं फिरवायची आणि ते पडेपर्यंत पापणी हलवायची नाही. सुजाता चिंचोक्यांची रांग लावायची. स्टोव्हचा भर्रर्र आवाज सुरू झाला की दोघी कान दाबून कोपऱ्यात.

शेवंता पहिल्या दिवशी उंबऱ्यात उभी राहिली आणि मुलींबद्दल मी काही विचारण्याआधीच म्हणाली की लोक बहिऱ्या-मुक्या म्हणतात. पुढचं ती बोलली नाही, पण वाड्यात कोण काय बोलतं ते मला माहीत होतं. आईचं लक्ष नाही म्हणायचे. पोरी टाकून लावणीला जाते म्हणायचे. तिची सासू तर सरळच बोलायची.

बहिऱ्या नाहीत हे तानामावशीने तिसऱ्याच दिवशी सिद्ध केलं. आमच्याकडे दुधाच्या भुकटीचा एक मोठा डबा होता. त्याचं झाकण चमच्याने उचकटताना अगदी बारीक 'टक' असा आवाज यायचा. मी दोघींच्या कानामागे टाळ्या वाजवून दमले होते. मावशीने समाजमंदिराच्या मागच्या बाजूला जाऊन तो डबा उघडला. दोघी धावत सुटल्या, विशाखा पुढे, सुजाता मागे.

"बाई," भुकटी लागलेल्या दोन तोंडांकडे बघत मावशी म्हणाली, "यांना ऐकायला येतंय. तुमच्या टाळ्यांत काय खायला नव्हतं, म्हून आल्या न्हाईत."

कोण कोणती हेही तिनेच शोधलं. विशाखा चवड्यांवर चालायची, टाच टेकवायचीच नाही. सुजाता पूर्ण पाऊल टाकायची. "त्वांड कशाला बगता, पाय बगा," हे तिचं शास्त्र. त्यानंतर माझ्या हजेरीपटात चूक झाली नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कान, घसा पाहिला आणि चांगलं आहे, वाट बघा, असं सांगितलं. शेवंताने वाट बघितली. वर्ष गेलं. मुली खाऊ खायला शिकल्या, ताटली घेऊन आपल्या जागेवर बसायला शिकल्या, हात धुवायला तर इतक्या शिकल्या की माठ रिकामा होई. पण बोलणं नाही. आणि मग शेवंताचा भाऊ बाळू आला.

बाळूमामा खालापूरच्या पुढे एका वाडीत राहायचा. माणूस सज्जन. लग्नाला आठ वर्षं झालेली, मूल नव्हतं. त्याच्या वाडीतल्या कुणा जाणत्याने त्याला सांगितलं होतं की जुळ्यांना वाचा एकच मिळते, दोघी जवळ असल्या की ती दोघींत अडकून बसते. एकीला लांब नेलं की ती मोकळी होते. म्हणून विशाखाला त्याने घेऊन जावं, तिकडे मामी तिला जिवापाड सांभाळेल. सासूला हे पटलं. नवरा गप्प होता. शेवंता दुपारी माझ्याकडे आली. म्हणाली, बाई, तुमी शिकलेल्या, तुमी सांगाल तसं करते.

इथे मला थोडं सावकाश लिहायला हवं.

वाचा अडकते वगैरे ऐकून मी हसले. आपण हे सगळं नदीत सोडलं ना, असंही म्हणाले. आणि मग माझी प्रशिक्षणाची वही काढली. तीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं की जुळी मुलं एकमेकांतच रमतात, त्यामुळे त्यांची भाषा मागे पडते, शक्यतो त्यांना वेगवेगळं बसवावं. कारण पटत नाही, पण उपाय बरोबर आहे, असं मी तिला शांतपणे सांगितलं. म्हणजे जाणत्याचं म्हणणं हसून उडवलं आणि तेच वहीतून वाचून दाखवलं. शेवंताने मान हलवली. ती रडली नाही, म्हणून मला वाटलं की तिलाही पटलं.

तानामावशी तेव्हा मोड आलेले मूग निवडत होती. ती एवढंच म्हणाली, "आईला इचारा ना. वहीला काय इचारता."

मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला यातलं कळत नाही." चौदा वर्षं बरोबर काम केलं, त्यांत असं मी एकदाच म्हणाले. ते तिच्या कायम लक्षात राहिलं, माझ्याही.

विशाखा गेली. सुजाता बोलेल म्हणून मी रोज तिच्यासमोर चित्रांचे तक्ते धरून बसू लागले. सुजाता जेवेनाशी झाली. तिची ताटली घेऊन ती आपल्या जागेवर बसायची, शेजारच्या रिकाम्या जागेकडे नव्हे, भिंतीकडे बघत, आणि उसळ तशीच गार व्हायची. मावशीने मग एक युक्ती केली. शेजारच्या जागी दुसरी भरलेली ताटली ठेवली. सुजाताने चार घास खाल्ले. मी ते नोंदवहीत 'सुधारणा' म्हणून लिहिलं.

"सुदारना न्हवं ती," मावशी म्हणाली. "हिकडं या. रांग बगा तिची."

सुजाताची चिंचोक्यांची रांग मी वर्षभर रोज पाहत होते. आता पाहिली ती विरळ होती. एक चिंचोका, मग मोकळी जागा, मग एक चिंचोका, मग मोकळी जागा. मला वाटलं, मुलीचं चित्त थाऱ्यावर नाही. मावशीने एक चिंचोका उचलला आणि त्या मोकळ्या जागेत ठेवून पाहिला. बरोबर बसला. सुजाताने तो शांतपणे उचलून बाजूला ठेवला. जागा पुन्हा मोकळी.

"आदी रांग दोघी लावायच्या, बाई. हिचा एक, तिचा एक. मी रोज बगायची. तुमाला वाटायचं ही रांग लावत्ये आनि ती झाकन फिरवत्ये. झाकन पडलं की ती मदीच येऊन आपला चिंचोका ठेवून जायची. ही तिच्यासाटी जागा सोडत्ये."

मी नोंदवहीतला 'सुधारणा' हा शब्द खोडला. वर्षभर दोन मुली माझ्या डोळ्यांसमोर एकमेकींशी बोलत होत्या आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

त्याच आठवड्यात एका सोमवारी आम्ही निघालो. मी, तानामावशी, शेवंता आणि सुजाता. खोपोलीच्या गाडीने खोपोली, तिथून एसटीने खालापूर, पुढे पायी. बरोबर खाऊचा डबा आणि मावशीच्या कमरेच्या पिशवीत चिंचोके. वाटेत शेवंताने विचारलं की भाऊ नाही म्हणाला तर काय करायचं. एकदा दिलेली मुलगी परत मागायची कशी, मामीचा जीव तुटेल. मी तिला सांगितलं की चूक माझी आहे, मागायचं कामही माझं. हे मी वहीतून वाचलं नव्हतं.

बाळूमामाच्या घरी पोचलो तर मामी दारात, तिच्या मागे बाळूमामा. तिने विशाखाला नवा झालरीचा फ्रॉक शिवला होता, केसांना तेल, डोळ्यांत काजळ. पोर टुकटुकीत दिसत होती. तिने कुणाकडेच पाहिलं नाही, आईकडेही नाही. शेवंताने तोंडात पदर धरला. मी माझी चूक कबूल केली आणि कशासाठी आलो ते सांगितलं. मामीचा चेहरा पडला, मग आवळला. ती म्हणाली, "पोर आमी उपाशी ठेवली का? मारली का? बोलत न्हाय ती तितंबी बोलत नव्हती. आनि हितं पोरीला कुनी येडी म्हनत नाय, बाई. हितं तिला कुनी बोललं तर मी बगून घेते."

ती बोलत होती ते खरंच होतं.

तानामावशीने वाद घातला नाही. पडवीत विशाखाने काय मांडलं आहे ते तिला दिसलं होतं. कुडाच्या कडेने चिंचोके नव्हते म्हणून गोटे, नदीतले गुळगुळीत, एकेक मुठीएवढे, रांगेने लावलेले. एक गोटा, मग जागा, मग एक गोटा. अंगणापर्यंत गेलेली रांग. मामी म्हणाली की मी रोज उचलून ठेवते, ही रोज पुन्हा लावते, कितीदा मोकळ्या जागेत मी गोटे भरले तर काढून टाकते, तिला असंच लागतं.

मावशीने पिशवी सुजाताच्या हातात दिली आणि तिला सोडून दिलं. काही सांगितलं नाही. सुजाता पडवीत गेली. बहिणीकडे तिने पाहिलं नाही. विशाखानेही तिच्याकडे पाहिलं नाही. मिठी नाही, हसणं नाही. सुजाता रांगेच्या सुरुवातीला उकिडवी बसली आणि पहिल्या मोकळ्या जागेत तिने एक चिंचोका ठेवला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. मोठ्या गोट्यांच्या मधेमधे ते एवढेएवढे तपकिरी चिंचोके. विशाखाने एकही काढला नाही. चौथ्याला ती उठली आणि रांगेच्या पुढच्या टोकाला जाऊन नवा गोटा ठेवू लागली. चवड्यांवर पळत अंगणातून गोटा आणायचा, ठेवायचा, सुजाताने चिंचोका ठेवेपर्यंत थांबायचं, पुन्हा पळायचं.

आम्ही पाचही मोठी माणसं उभ्याउभ्या ते बघत होतो. रांग अंगण ओलांडून चुलीच्या लाकडांपर्यंत गेली. मामी आत गेली. मला वाटलं, ती रागावली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात फ्रॉकाची घडी होती.

"ह्यो दुसरा अर्दा शिवून झालाय," ती म्हणाली. "दुसरीचं माप द्या. दोन करते."

सणावाराला दोघींना तिच्याकडे पाठवायचं आणि एकटीला कधीच नाही, असा करार तिथेच झाला. तो आजतागायत पाळला गेला आहे. येताना एसटीत बाळूमामाने दिलेले पावट्याच्या शेंगांची दोन मोठी गाठोडी होती, आणि वाटेभर तानामावशी माझ्याशी बोलली नाही. खोपोलीला गाडी सुटताना म्हणाली, "तुमाला यातलं कळायला लागलं हां, बाई." मग आम्ही दोघी इतक्या हसलो की शेवंताही हसायला लागली. तिला तसं हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आता बोलण्याविषयी. ते घडलं ते योगायोगाने, आणि त्यात माझा वाटा नाही.

रविवारच्या वंदनेला वाड्यातल्या बायकांच्या पुढे तानामावशी असायची, कारण तिचा आवाज सगळ्यात मोठा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमचं त्रिशरण तीनदा म्हणतात. पहिल्या वेळी नुसतं, दुसऱ्या वेळी त्याच ओळींच्या आधी 'दुतियंपि' म्हणजे दुसऱ्यांदा, तिसऱ्या वेळी 'ततियंपि', तिसऱ्यांदा. चाल तीच, ओळी त्याच. ज्या मुलींना दर मंगळवारी उसळच हवी आणि ताटली तीच पोचे आलेली हवी, त्यांना यापेक्षा आवडेल असं दुसरं काय असणार? दोघी दर रविवारी शेवंताबरोबर येऊन दाराशी बसायच्या, पत्र्याकडे बघत.

त्या दिवशी दुसरं आवर्तन झालं आणि मावशीला मिश्रीचा ठसका लागला. सगळ्या बायका तिच्या आवाजावर चालणाऱ्या, त्या थांबल्या. मावशी खोकते आहे, आम्ही वाट बघतो आहोत. आणि दाराकडून, पत्र्याकडे बघत, स्वच्छ आवाजात, अगदी मावशीच्या सुरात आलं, "ततियंपि."

ती सुजाता होती. मागोमाग विशाखाने एकच टाळी वाजवली, एखादं काम पुरं झाल्यासारखी. मावशीने डोळ्यांतलं पाणी पुसलं, ते खोकल्याचं होतं असं ती शेवटपर्यंत सांगत राहिली, आणि तिसरं आवर्तन म्हटलं. शेवंता उठून बाहेर गेली. पायरीवर बसून ती दोन्ही हातांनी मांड्या थोपटत होती. दुसऱ्या दिवशी वाड्यातल्या प्रत्येक घरी तिने गूळ वाटला, सासूला सगळ्यात आधी.

त्या रात्री मी वहीत एकच ओळ लिहिली. तिसऱ्या वेळी थांबायचं. आमची सगळी विद्या पुढे त्यावर चालली. कुठलीही गोष्ट दोनदा म्हणायची, त्याच चालीत, त्याच शब्दांत, आणि तिसऱ्या वेळी थांबायचं. जागा सोडायची. मग वाट बघायची, आणि हेच सगळ्यात कठीण. मोठ्या माणसांना गप्प बसवत नाही. मी तर बाई. मनातल्या मनात वीस आकडे मोजल्याशिवाय मला जमत नसे. मावशी त्या वेळात मिश्री लावायची. "हात धुवायचे. हात धुवायचे." आणि मग वाट. कधी काहीच येत नसे. कधी दहा दिवसांनी यायचं. सुजाताकडून शब्द यायचा. विशाखाकडून शब्द कधीच आला नाही, पण सुजाताचा शब्द झाला की तिची एक टाळी यायचीच, आणि ती चुकीच्या शब्दाला वाजत नसे.

पहिलीत नाव घालायला आम्ही दोघी त्यांना शाळेत घेऊन गेलो. हेडमास्तर शिस्तीचे. त्यांनी सुजाताला नाव विचारलं. ती खिडकीकडे बघत राहिली. त्यांनी पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, गुरुजी, जरा थांबा, आणि म्हणाले, "माझं नाव सुजाता. माझं नाव सुजाता." मग आम्ही सगळे गप्प. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. हेडमास्तर खुर्चीत चुळबुळू लागले. तानामावशीने त्यांना बोटाने दम दिला, हेडमास्तरांना. शेवटी खिडकीकडे बघतच आलं, "माझं नाव सुजाता." आणि टाळी.

"ही टाळी कसली?" त्यांनी विचारलं.

"ती दुसरीची हजेरी," तानामावशी म्हणाली.

हेडमास्तरांनी पेन पुन्हा उचललं. मग हसले आणि दोन्ही नावं एकाखाली एक लिहिली. चौथीपर्यंत त्या शाळेत टिकल्या. पुढे शाळेला त्यांचं काय करावं कळेना. शाळेला दोष देत नाही. मला तरी कुठे कळत होतं? पण एक खंत आहे. त्या पहिलीत गेल्या त्या वर्षी तपासणीच्या अहवालात आमच्या बालवाडीचं कौतुक झालं, ते सगळं माझ्या नावावर. 'बाईंनी अभिनव पद्धत वापरली' असं त्यात आहे. मदतनिसाचं नाव लिहायला त्या कागदावर रकानाच नव्हता. मी ते समासात लिहू शकले असते.

दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात शेवंता त्यांना घेऊन गेली, मी बरोबर गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना जे आहे त्याला नाव दिलं, ऑटिझम. हे जन्मापासून असतं, आईच्या वागण्यामुळे होत नाही, असं त्यांनी शेवंताला दोनदा सांगितलं. सतरा वर्षांनी तिला ते कुणीतरी सांगितलं. मी परत येऊन वाचनालयांतून पुस्तकं मागवली. एका जाड पुस्तकात याचं कारण आईच्या मायेचा कोरडेपणा असं लिहिलेलं सापडलं. मी ते तिथेच मिटलं आणि परत पाठवलं. आता मला तेवढं जमतं. आपल्या भाषेत काही जण या मुलांना आत्ममग्न म्हणतात. तो शब्द मला पटत नाही. स्वतःत मग्न असलेलं माणूस रांगेत दुसऱ्यासाठी जागा सोडेल कशाला?

सुजाता आणि विशाखा आता एकोणीस वर्षांच्या आहेत. शेलूजवळच्या एका रोपवाटिकेत कामाला जातात. पिशव्यांत माती भरून त्या ओळीने लावायच्या, हे काम. मालक म्हणतो की अशा ओळी त्याने जन्मात पाहिल्या नाहीत. एक पिशवी एकीची, एक दुसरीची. सुजाता वीस-पंचवीस शब्दांवर भागवते. मामी दर दिवाळीला दोन फ्रॉकांऐवजी आता दोन साड्या धाडते.

तानामावशी श्रावणात गेली, झोपेतच, फार त्रास न होता. तिच्या जलदान विधीला, म्हणजे मृत माणसासाठी जमून वंदना करतात त्या दिवशी, समाजमंदिर भरून गेलं होतं. तिने गोळा करून आणलेली कितीतरी पोरं आता बाप झालेली. तिला विसरलेली, असं मी वर लिहिलं खरं, पण आली होती. तिच्या जागी पुढे बसून म्हणायला बायकांनी मला सांगितलं. माझा आवाज लहान. पहिलं आवर्तन म्हटलं. दुसरं म्हटलं. आणि तिसऱ्याच्या तोंडाशी माझा शब्द निघेना. मी जोर केला, तरी निघेना. सगळे खाली मान घालून बाईंची वाट बघत होते. बाई रडताहेत, असं त्यांना वाटलं, आणि ते खरंच होतं.

फक्त एकीला तसं वाटलं नाही. तिच्या दृष्टीने मी नेहमीप्रमाणे तिसऱ्या वेळी थांबले होते.

दाराकडून, पत्र्याकडे बघत, तानामावशीच्या सुरात आलं, "ततियंपि."

तो आवाज धरून सगळं समाजमंदिर म्हणू लागलं, मागून मीही. आणि त्या सगळ्या आवाजांच्या आत, नेमक्या जागी, एक टाळी वाजली.